गोदूताई कोण होत्या? विडी घरकुलातल्या बायकांकडून आठवणी गोळा करायच्या आहेत

रेवती_अक्कलकोटरोड:

सोलापुरात 'गोदूताईला राहते', 'गोदूताईची रिक्षा कुठून मिळेल', 'गोदूताईत दोन खोल्या भाड्याने आहेत' ही वाक्यं आपण रोज ऐकतो. कुंभारीजवळची ही वसाहत कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची आहे. विडी कामगार बायकांची १०,००० घरं तिथे उभी राहिली आणि २००६ साली त्यांच्या चाव्या दिल्या गेल्या. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि विडी कामगार बाई स्वतः अशा तिघांच्या पैशातून घर झालं. देशात विडी वळणाऱ्या बायकांसाठी एवढं मोठं काम क्वचितच झालं असेल.

पण गोदूताईंचं नाव पत्त्यात गेलं आणि बाई मागे राहिल्या. माझ्या ओळखीतल्या कॉलेजच्या मुलींना विचारलं, तर बहुतेकींना त्या सोलापूरच्या नगरसेविका वाटतात.

मला वाटतं, त्यांची आठवण पुन्हा जागी करायची तर भाषणं आणि हारतुरे पुरणार नाहीत. त्या घरांत राहणाऱ्या साठी-सत्तरीच्या बायकांशी बोलून, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ते जपायला हवं. नाव कसं पडलं, त्यांना गोदूताईंबद्दल कोणी काय सांगितलं, घरासाठी लढताना काय झालं, सगळंच. आम्ही काही जणी हे काम हाती घेणार आहोत. असं काम कुणी केलंय का? सुरुवात कुठून करावी?

शेंगाचटणी:

लई भारी विषय काढलात ताई. मी गोदूताईतलाच. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर हे नाव लिहीत मोठा झालो, पण कोण ते एकाही मास्तरांनी सांगितलं नाही.

तुमचं वाचून आत्ताच आजीला विचारलं. ती म्हणाली, "आमच्यातलीच की रे ती. विड्याच वळायची. मालकाबरोबर भांडली, म्हणून तिचं नाव दिले."

मास्तर_बार्शी:

शेंगाचटणी, आजींना माझा नमस्कार सांगा, पण इथे वाचणाऱ्यांसाठी खरं काय ते नोंदवून ठेवतो.

गोदावरी परुळेकर माहेरच्या गोखले, पुण्याच्या. जन्म १९०७. वडील नामांकित वकील. स्वतःही कायदा शिकल्या, आणि तेही मुलीने मॅट्रिक होणं नवलाईचं होतं त्या काळात. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेल्या, ते वडिलांना रुचलं नाही. घर सोडलं. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. पुढे शामराव परुळेकरांशी लग्न झालं, दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले आणि ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींमध्ये जन्मभर काम केलं. त्या कामावरचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक १९७० साली आलं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९९६ साली गेल्या.

विड्या त्यांनी कधी वळल्या नाहीत. तोंडी इतिहासात हीच भीती असते. जो तो आपल्या मनासारखं सांगतो.

बाळे_स्टेशन:

धागा वाचूलालोय. मास्तर, आजीला नापास करू नका ओ, आज शाळेचा पहिलाच दिवस आहे.

नलिनी_डहाणू:

मी सोलापूरची नाही. आमच्या भागात बाईंचं नाव अजून घराघरात आहे, म्हणून लिहिते.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. आमच्याकडून माह्या धांगडा आणि आणखी काही वारली तिथे गेले आणि आमच्याकडेही या म्हणाले. मे महिन्यात तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले. सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं नाही, वेठ बंद, असं तिथे ठरलं. नंतर गवतकापणीचा संप झाला. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, एवढीच मागणी होती.

वेठ म्हणजे काय ते आज समजत नाही चटकन. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलं की नवरा 'लग्नगडी' व्हायचा, म्हणजे सावकाराचा बांधलेला गडी. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबायला जायची आणि तिच्यावर मालकाचा हक्क आहे असंच धरलं जायचं. कर्ज फिटलं का, हे सांगणारा मालकच. पुण्याची शिकलेली बाई पायी पाड्यांवर जाऊन, वारल्यांच्या झोपडीत राहून, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकत होती. मास्तर, तुम्ही ज्या पुस्तकाचं नाव घेतलंत ते तरी कशातून आलं? लोकांनी सांगितलेलं ऐकण्यातूनच.

१० ऑक्टोबर १९४५ ची तलवाड्याची गोष्ट तर प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. बाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, हत्यारं घेऊन या, अशी अफवा मुद्दाम पसरवली गेली. लोक रात्रीतून हजारोंनी जमले. बाई तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. बाई येणार आहेत एवढं कानावर पडताच माणसं घरदार टाकून निघाली, यावरून त्यांचं आमच्याकडे काय स्थान होतं ते ओळखा.

मास्तर_बार्शी:

नलिनीताई, फार मोलाचं लिहिलंत. पण अफवेच्या या गोष्टीतून माझाच मुद्दा पक्का होतो. तोंडोतोंडी आलेल्या शब्दावर विसंबून पाच माणसं गेली. म्हणून कागद लागतो.

अनघा_वाचनालय:

मास्तर, कागद लागतोच, पण कागद कोणाच्या हातात होता तेही बघायला हवं. तलवाड्याचा पोलिसांचा कागद आणि वारल्यांची आठवण समोरासमोर ठेवल्या, तर मी आधी आठवण ऐकेन आणि मग कागद तपासेन.

शेंगाचटणीच्या आजींबद्दल थोडं सविस्तर लिहिते. अलेस्सान्द्रो पोर्तेली नावाचे इटालियन अभ्यासक आहेत. तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुली नावाचा तरुण कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मेला. नाटो कराराविरुद्धचा मोर्चा होता. पुढे तीसेक वर्षांनी पोर्तेली गावातल्या कामगारांशी बोलायला लागले, तर कित्येक जण सांगत की तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. तारीख साफ चुकलेली. पण पोर्तेलींनी विचारलं, इतके जण एकाच पद्धतीने का चुकले? गावाच्या लेखी खरी जखम १९५३ ची होती, नोकऱ्या गेल्या ती. आपला माणूस कुठल्या लढ्यात गेला हे त्यांनी मनात नव्याने जुळवलं होतं.

आजी म्हणतात, ती आमच्यातलीच होती. गोदूताई विड्या वळत नव्हत्या, हे तळटीपेत स्वच्छ लिहा. पण आजींचं वाक्य खोडू नका. आपल्या हक्काच्या घराला जिचं नाव आहे ती आपल्यातलीच असणार, असं विडी वळणाऱ्या बाईला वाटलं, हा सोलापूरचा इतिहासच आहे.

मास्तर_बार्शी:

तळटीप असेल तर माझी हरकत नाही. ती कुणी गाळू नये एवढंच.

मृणालताईंचा_मतदार:

मुंबईत वाढलो, आता नोकरीमुळे सोलापुरात. मनापासून विचारतो. स्त्रीवादी राजकारणी म्हणून आठवायचं तर मृणाल गोरे आधी यायला नकोत का? १९७२ ची महागाईविरोधी चळवळ, लाटणी हातात घेऊन रस्त्यावर आलेल्या बायका, बरोबर अहिल्याताई रांगणेकर. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये दोघीही लोकसभेत गेल्या. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' (पाणीवाली म्हणजे मृणालताई, दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी) ही घोषणा आमच्या घरी अजून म्हणतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी विधानसभेत विषय लावून धरला, १९८८ साली राज्याचा कायदा झाला. गोदूताई शेतकरी-आदिवासींच्या नेत्या होत्या. त्यांच्या कामाला स्त्रीवादी म्हणावं का?

नलिनी_डहाणू:

मृणालताई थोरच, त्यांच्याबद्दल वेगळा धागा काढा, मी पहिली लिहीन. पण लग्नगड्याच्या बायकोवरचा मालकाचा हक्क मोडून काढणं हे बाईच्या देहाच्या हक्काचंच काम झालं. मुंबईत स्त्रीमुक्तीच्या सभा भरायच्या कितीतरी आधीचं. गोदूताईंनी त्याला काय नाव दिलं असतं ते सोडा. वारली बाई रात्री निर्धास्त आपल्या झोपडीत झोपू लागली, ते कामाचं मोजमाप.

आणि राजकारण काय फक्त निवडून येण्यात असतं? वेठ बंद झाली ती सभेत झालेल्या ठरावाने आणि संपाने.

मृणालताईंचा_मतदार:

पटलं. लग्नगड्याचं मला माहीत नव्हतं. पुस्तक मिळवतो.

पूर्वभागकर:

सगळं वाचलं. आता एक कळकळीचं. गोदूताईंचं स्वतःचं पुस्तक आहे, त्यांच्यावर लिहिणारे आहेत, नलिनीताईंसारखे सांगणारे आहेत. पण त्याच कुंभारीकडे दुसरी वसाहत आहे, मीनाक्षीताई साने यांच्या नावाची. या बाई तर आपल्या सोलापुरात, गिरणी आणि विडी कामगारांमध्ये राबल्या. माहेरच्या कऱ्हाडकर. इंग्रज सरकारच्या काळात सोलापूरच्या कामगारांत उभं राहायला काय काळीज लागत असेल? १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांची फाशी या शहराने पाहिलेली. त्याच गल्ल्यांतून ही बाई बायकांची सभा घ्यायची.

त्यांच्याबद्दल वाचायला काय मिळतं? मी वाचनालयात हिंडलो, इकडे दोन ओळी, तिकडे एक परिच्छेद. म्हणजे तोंडी इतिहासाची खरी गरज कुठे आहे बघा. ज्यांनी त्यांना पाहिलं असेल त्या बायका आता फार थोड्या राहिल्या असतील, आणि ज्या आहेत त्यांना आज विचारायला हवं. गड्ड्याच्या यात्रेनंतर बघू, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ झाला की बघू, असं करता करता माणूस निघून जातं.

रेवतीताई, गोदूताईंवर काम कराच. पण सोबत हा एक प्रश्न प्रत्येकीला विचारा: मीनाक्षीताईंना तुमच्या आईने, सासूने पाहिलं होतं का?

रेवती_अक्कलकोटरोड:

पूर्वभागकर, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. हाच प्रश्न पहिला ठेवते. चार हुतात्म्यांची नावं आपण शाळेत पाठ केली, आणि ते बरोबरच होतं. पण त्याच शहरात कामगार बायकांना एकत्र करणाऱ्या बाईचं नाव आपल्याला गृहनिर्माण संस्थेच्या पाटीवरून कळावं, याचं फार वाईट वाटतं.

साखरपेठेची_सून:

तुम्ही सगळे मोठमोठं लिहिताय, मी आपलं घरचं लिहिते. माझी सासू चाळीसेक वर्षं विड्या वळतेय. मुलाखत घ्यायला येणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिचे हात थांबवू नका. आमच्याकडे एकदा कुणी प्रोजेक्टवाली मुलं आली होती. म्हणाली, आजी, सूप बाजूला ठेवा, नीट कॅमेऱ्यात बघा. ती अशी गप्प झाली की हो-नाहीशिवाय काही बोलेना. मुलं गेली, सूप परत मांडीवर आलं, आणि मग सुरू झाली.

ओल्या फडक्यातलं तेंदूचं पान काढायचं, कातरीने मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायची, दोऱ्याचे दोन वेढे, तोंड मिटवायचं. यातलं काहीच ती बघून करत नाही. डोळे मोकळे, तोंड मोकळं. तिचं सगळं बोलणं त्या लयीत चालतं. एक सांगते. कारखान्याने पानं खराब दिली होती, हजार विड्या भरेनात. कमी पडली ती पानं पदरच्या पैशाने बाजारातून घ्यावी लागली, आणि वर तिकडच्या माणसाने मूठभर विड्या वाईट म्हणून काढून टाकल्या. टाकल्या म्हणजे फेकल्या नाहीत हं, ठेवून घेतल्या, पैसे मात्र नाहीत. ती म्हणते, "मी त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले. माझा आवाज मलाच नवा वाटला." मग युनियनच्या सभेला गेली. कार्ड झालं, फंडाचं कळलं.

१९६६ चा विडी कामगारांचा कायदा तिला कलमांनी नाही, पण असा पाठ आहे. कुठली गोष्ट मालकाने द्यायची असते आणि कुठली बाईने पदरची घालायची नसते, हे ती तुम्हाला बोटांवर मोजून दाखवेल.

अनघा_वाचनालय:

साखरपेठेची सून, कुठलंही मार्गदर्शन पुस्तिकेतून मिळणार नाही ते तुम्ही लिहिलंत. रेवती, हा प्रतिसाद जपून ठेव.

अशा कामाची वाट आधी मळलेली आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव जाऊन शोधलं आणि त्यांच्या मुलाखतींमधून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली केलं. तोवर त्या चळवळीत बायका होत्या हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोण होत्या ते लिहिलेलं नव्हतं. मुंबईत स्पॅरो ही संस्था १९८८ पासून स्त्रियांचे आवाज, फोटो, कागदपत्रं जपते.

माझा अनुभव थोडा आहे, तोही वेगळ्या विषयावरचा, पण सांगते. 'गोदूताई कोण होत्या?' असा थेट प्रश्न विचारू नका, समोरची परीक्षेला बसते. 'या घरात पहिल्यांदा आलात तेव्हा स्वयंपाक काय केला?' असं विचारा. घराच्या आधी कुठे राहत होता, भाडं कोण द्यायचं, मोर्चाला निघाल्यावर पोरं कुणाकडे ठेवली. गोदूताईंचं नाव त्यात कुठे येतं, किंवा येतच नाही, ते टिपा. नाव न येणं हीसुद्धा नोंद आहे.

रेकॉर्डिंगला परवानगी आधी मागा, आणि 'हे गाळा' म्हटलं की गाळा. सुना-मुलगे समोर असताना बाई वेगळं बोलते, ते सांभाळून घ्या. झालेलं रेकॉर्डिंग त्या घराला द्या. ते तिचं आहे, आपण फक्त प्रत ठेवायची.

पूर्वभागकर:

एक राहिलं. भाषा. घरकुलातल्या निम्म्याहून जास्त आज्या मनातलं बोलायच्या तर तेलुगूत बोलतील. बाजारात मराठी, घरात तेलुगू, भांडायला दोन्ही. मराठीतच बोला असा आग्रह धरलात, तर बाजारात बोलतात तेवढंच मिळेल. तेलुगू तेलुगूतच राहू द्या, खाली मराठी लिहू. कानडीवाल्या असतील, दख्खनी बोलणाऱ्या असतील, त्यांचंही तसंच.

बाळे_स्टेशन:

खरंय. आमच्या शेजारच्या अव्वा मराठीत सगळ्यांचं कौतुक करतात आणि तेलुगूत खरं मत सांगतात.

मास्तर_बार्शी:

हे सगळं वाचून माझ्याकडूनही काही द्यावं म्हणतो. तारखा, कायदे, वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं, हे तपासायचं काम मला द्या. निवृत्त माणूस आहे, हाताशी वेळ आहे. प्रत्येक मुलाखतीला तळटीपा मी लावीन. आजींच्या एकाही शब्दाला हात न लावता.

रेवती_अक्कलकोटरोड:

मास्तर, तुमच्यासारखं माणूसच हवं होतं. तर असं करू. सुरुवात मोजक्याच घरांपासून, घाई न करता. सूप मांडीवर, आवाज फक्त मोबाईलवर, कॅमेरा नाही. तेलुगूसाठी पूर्वभागकर. साखरपेठेच्या सूनबाई, तुमच्या सासूबाई आम्हाला पहिल्या घरी येऊ देतील का? आणि शेंगाचटणी, तुमच्या आजी?

साखरपेठेची_सून:

सासूबाई हो म्हणाल्या. सकाळी माल द्यायला जातात, दुपारी या. फोटो मात्र पदर नीट घेतल्यावरच काढायचा, हे त्यांनी स्वतः सांगितलंय.

शेंगाचटणी:

आजीला मी मास्तरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती पुण्याची, वकिलाची मुलगी, पायी हिंडायची, तुरुंगात गेली, सगळं. ऐकून घेतलं. मग नलिनीताईंचं लग्नगड्याचं वाचलं, ते तिने मला परत वाचायला लावलं.

ती म्हणते, मुलाखत देते, पण आधी त्या बाईचं पुस्तक मला पूर्ण ऐकायचंय. एवढी मोठी वकीण दुसऱ्याच्या पोरीबाळींसाठी घर सोडून का गेली ते तिला कळायला पाहिजे, त्याशिवाय ती काही सांगणार नाही. शेजारच्या चौघी-पाचजणीपण बसतो म्हणाल्यात. पण मराठी पुस्तक भरभर वाचलं तर त्यांना कळणार नाही, थांबून थांबून तेलुगूत सांगायला लागेल.

पूर्वभागकर:

मी येतो. तुम्ही वाचा, मी तेलुगूत सांगतो. एका दिवसात होणार नाही, आठवड्याला एक-दोन प्रकरणं धरू.

रेवती_अक्कलकोटरोड:

पुस्तक माझ्याकडे आहे. गुरुवारी दुपारी तीनला येते. शेंगाचटणी, घर नंबर निरोपातून पाठव, इथे लिहू नकोस. वाचताना त्या मध्ये जे बोलतील तेही रेकॉर्ड करायचं का, हे आजींना आधी विचारून ठेव.